भिशीतली खंडणी

‘अवघ्या आठ मिनिटांत खातं उघडा’ हे वाक्य जर्मनीत मी इतक्या वेळा वाचलं आणि स्वतः इतक्या जणींना ऐकवलं की आता ते नुसतं आठवलं तरी किळस येते. ट्रामच्या थांब्यावर तेच, फोनच्या पडद्यावर तेच, आमच्या ऑफिसच्या जिन्यातही तेच. खातं बंद करायला किती मिनिटं लागतात हे मात्र कुणी कधी छापलं नाही. त्याला त्याहूनही कमी लागतात. ते मी बघितलंय.

बॉनमध्ये मी ज्या कंपनीत होते ती स्वतः बँक नव्हती. फोनवर चालणाऱ्या त्या नव्या बँकांना शाखा नसतात, काउंटर नसतं आणि माणसंही फारशी नसतात. ग्राहकांवर नजर ठेवायचं काम त्या बाहेर देतात, आणि ते आम्ही घेतलं होतं. एखाद्या खात्यात काही वावगं वाटलं की आमचं सॉफ्टवेअर ते बाजूला काढायचं, मग तपासणीच्या टेबलावरची कुणीतरी ते बघून चौकोनात खूण करायची. मी सॉफ्टवेअरच्या बाजूला होते. ऑफिसात फुटबॉलचं टेबल होतं, फुकट केळी-सफरचंदं होती आणि दर शुक्रवारी कुणीतरी उभं राहून सांगायचं की आपण सामान्य माणसाचा पैसा त्याच्या हातात देतोय. आम्ही टाळ्या वाजवायचो. खोटं कशाला बोलू, मी मनापासून वाजवायचे.

आमच्या भिशीला या ॲपवर मीच आणलं. आधी आम्ही बॉनमधल्या सात जणी होतो. महिन्याच्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, पोहे खायचे, नोटा मोजायच्या, चिठ्ठी काढायची. मग एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात आखनच्या दोघी-तिघी ओळखीच्या झाल्या, वोल्फ्सबुर्गची एक झाली, आणि आम्ही बारा जणी झालो. दर महिन्याला प्रत्येकीचे शंभर युरो, बाराशेची भिशी. एवढ्या लांबून नोटा घेऊन कोण येणार? मी म्हटलं, ॲप घ्या, मी आहे ना. प्रत्येकीला खातं उघडून दिलं. आणलेल्या प्रत्येक माणसामागे ती बँक मला पंधरा युरो द्यायची, ते मी घेतले आणि कुणाला सांगितलं नाही. लहानशी गोष्ट आहे, पण आता सगळं सांगायलाच बसलेय तर तीही सांगते.

पैसे पाठवताना जर्मनीत एक रकाना भरावा लागतो, पैसे कशासाठी पाठवताय त्याचा. पहिला नंबर आखनला पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा लागला. तिला चिडवायला म्हणून मी त्या रकान्यात लिहिलं, ‘खंडणी’. दुसऱ्या मिनिटाला दुसरीनं तेच लिहिलं. मग प्रथाच पडली. दर महिन्याला ज्या बाईचा नंबर असेल तिला अकरा जणींकडून खंडणी पोचायची, कुणी ‘घ्या एकदाची’ जोडायची, कुणी हसरा चेहरा टाकायची. वर्गात मागच्या बाकावर बसून चिठ्ठ्या फिरवाव्यात तसं ते चालायचं. हे रकाने दुसरंही कुणी वाचतं, हे त्या बारा जणींपैकी फक्त मला माहीत होतं.

वोल्फ्सबुर्गची जी होती तिला मी ताई म्हणायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. नवरा तिथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. शहर असं की गाडी नसेल तर घराबाहेर पडून करायचं काय, आणि ताईला गाडी येत नव्हती. भाऊजींनी शिकू दिली नाही. बँकेचं खातं दोघांचं मिळून होतं, म्हणजे भाऊजींचं. दुधाच्या पिशवीचासुद्धा कागद दाखवावा लागायचा. मारहाण नव्हती, दारू नव्हती. चारचौघांत माणूस इतका सज्जन की जयंतीला हॉलभर खुर्च्या एकटा मांडायचा. ताई म्हणाली होती, “अगं, मारलं असतं तर कुणाला दाखवता तरी आलं असतं.”

ताई ब्लाउज फार सुंदर शिवायची. त्या भागातल्या मराठी, कन्नड, तेलुगू बायका तिच्याकडे यायच्या आणि दहा-वीस युरो हातावर ठेवून जायच्या. ते ठेवायचे कुठे हा प्रश्न होता. मी तिला सुपरमार्केटमधल्या ब्रेडच्या मांडणीशी उभं करून, तिच्याच फोनवर खातं उघडून दिलं. खरोखर आठ मिनिटं लागली. एका जागी दुसरं एखादं खातं द्यावं लागत होतं, जोडखातं म्हणून. तिच्याकडे दुसरं होतंच कुठलं? भाऊजींबरोबरचं टाकलं. ‘असू दे, ते कुणी बघत नाही,’ असं मीच म्हणाले. त्या बँकेत रोख भरायची असेल तर सुपरमार्केटच्या गल्ल्यावर फोनवरचा बारकोड दाखवायचा, बटाटे आणि दही यांच्यामध्ये नोट सरकवायची, की झालं. दर गुरुवारी ताई बटाटे घ्यायला जायची आणि वीस युरो भरून यायची. मला त्याचं कौतुक वाटायचं. शुक्रवारी टाळ्या वाजवताना माझ्या डोळ्यांसमोर ताईच असायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिनं ठरवलं. बॉनमध्ये कपडे दुरुस्त करणारं एक दुकान होतं, तिथल्या तुर्की मालकिणीनं तिच्या हातचं काम बघून नोकरी देऊ केली. माझ्या घरापासून दोन थांब्यांवर एका जर्मन आजींकडे खोली मिळत होती. डिपॉझिट बाराशे, तेही पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आत. मी भिशीच्या गटात एवढंच लिहिलं की या वेळचा नंबर ताईला देऊ या, नड आहे. कुणी कारण विचारलं नाही. चिठ्ठी न काढता आम्ही नंबर दिला आणि दोन दिवसांत अकरा जणींनी अकराशे युरो पाठवले. शंभर तिचे होतेच.

त्यानंतरच्या सोमवारी मी कॉफी घेऊन तपासणीच्या टेबलापाशी चालले होते. तिथली एक सहकारी, चांगली मुलगी, पडद्यावरून नजर न हटवता म्हणाली, “आल्झो, बरं का, तू भारतातली ना? ‘खंडणी’ म्हणजे काय?”

प्रश्न परीक्षेतल्यासारखा आला आणि मी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं उत्तर देऊन टाकलं. “गुंड लोक दुकानदारांना धमकावून पैसे उकळतात ना, ते,” म्हणाले आणि वर हसले. आपल्या भाषेतला एक शब्द त्या ऑफिसात कुणीतरी विचारतंय याचाच मला आनंद झाला होता. मग मी वळसा घालून तिच्या मागे गेले आणि पडदा बघितला.

नावं झाकलेली असतात. पण अकरा रकमा होत्या, शंभर-शंभरच्या, आणि अकरा वेळा तोच शब्द. चौथ्या ओळीत माझा स्वतःचा होता, पुढे हसरा चेहरा. त्यांच्या खाली वीस-वीस युरोंचे रोख भरणे, प्रत्येक गुरुवारचे. हाच शब्द आधीच्या महिन्यांत इतर खात्यांत आला होता, तेव्हा यंत्राला काही वावगं वाटलं नव्हतं. त्या खात्यांत पगार यायचा. पगारवाल्यांनी खंडणी लिहिली तर तो विनोद, आणि शिवणकामाच्या विसाच्या नोटा भरणाऱ्या बाईच्या खात्यात तोच शब्द आला तर गुन्हा. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारं हे यंत्र आम्ही घडवलं होतं. त्यातला एक तुकडा माझ्या हातचा होता.

“हा विनोद आहे,” मी म्हणाले. “आमच्याकडे बायका मिळून पैसे साठवतात. तशी चेष्टा करतात एकमेकींची.”

“तुला कसं माहीत?” तिनं सहज विचारलं.

इथे मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी यांना ओळखते, यातली एक मी आहे. पण ओळखीच्या माणसाच्या खात्याची माहिती ऑफिसला आधी न देणं हा नियमभंग होता, आणि माझा जर्मनीत राहायचा परवाना त्या नोकरीला बांधलेला होता. मी म्हणाले, “असं असतं आमच्याकडे.”

“गेनाऊ,” ती म्हणाली, म्हणजे बरोबर, आणि टाइप करायला लागली. शब्दाच्या अर्थासाठी एक रकाना होता. विनोदासाठी नव्हता. दोन चौकोन होते, तिनं त्यातल्या एकात खूण केली आणि पुढचं खातं उघडलं. माझी कॉफी अजून गरम होती.

ज्याचं खातं संशयात आहे त्याला ते कळू द्यायचं नाही, असा तिथला कायदा आहे. आम्ही सगळ्यांनी तशा कागदावर सह्या केल्या होत्या. त्या आठवड्यात मी त्या कागदाच्या आड लपले. कायदा कागदावर होता हे खरंच, पण मला गप्प बसवलं ते भीतीनं. ताईला एक फोन करून ‘पत्रपेटीवर लक्ष ठेव’ एवढं जरी म्हटलं असतं तरी तिला कळलं असतं. मी मूग गिळून बसले.

बुधवारी तिचाच फोन आला. दुकानात कार्ड चाललं नाही, ॲप उघडत नाही. ॲपमधल्या मदतनिसाशी तिनं तासभर लिहून बोलून बघितलं होतं. तो माणूस नव्हताच. यंत्राला मुलीचं नाव देऊन ठेवलं होतं, आणि ती मुलगी दर उत्तराच्या शेवटी सूर्यफूल पाठवायची. “तू तर याच लाइनमधली,” ताई म्हणाली, “बघ ना जरा काय झालंय.”

“अपडेट चालू असेल, ताई. होईल एक-दोन दिवसांत,” मी म्हणाले. हे बोलताना माझा आवाज अगदी साधा होता. मला माझ्या त्या आवाजाची अजून शिसारी येते.

सगळा कारभार बिनकागदी, झाडं वाचवणारा, म्हणून मिरवणाऱ्या त्या बँकेनं खातं बंद केल्याचं मात्र कागदावर कळवलं. पाकिटात घालून, तिकीट लावून, घरच्या पत्त्यावर. घरचं टपाल भाऊजी उघडायचे. पत्रात कारण दिलेलं नव्हतं, ते देतच नाहीत. शिल्लक रक्कम मात्र स्वच्छ लिहिली होती, आणि ती जोडखात्यावर परत केली आहे असंही. आखनच्या विद्यार्थिनीपासून माझ्यापर्यंत अकरा जणींनी एका बाईला बाहेर काढायला पाठवलेले पैसे, आणि तिचे गुरुवारचे वीस-वीस, असे सगळे ज्याच्यापासून ती सुटणार होती त्याच्या हातात बिनचूक पोचले. व्यवस्था चुकली नाही, हेच मला सहन होत नाही.

भाऊजी ओरडले नाहीत. ताईनं मला नंतर सांगितलं की त्यांनी पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं, जेवण संपवलं, हात धुतले आणि मग विचारलं, “कुणी शिकवलं?” महिनाभरानं शिवणयंत्र विकून टाकलं. एवढे पैसे मिळवता येतात म्हणजे घरात लक्ष नाही, असं कारण. खोली एका विद्यार्थ्याला गेली. मी आजींकडे डिपॉझिट घेऊन धावले असते, माझ्याकडे तेवढे होते. पण तोवर ताईनं फोनच उचलणं बंद केलं होतं, आणि तिनं उचलला नाही याचं मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं.

पुढे एका शुक्रवारी कंपनीत केक आला. त्या तिमाहीत तपासणीचा वेग दुपटीनं वाढला होता. माझ्या सहकारी मुलीचं नाव घेऊन कौतुक झालं, आणि तिनं मला हाताला धरून पुढे ओढलं, ‘हिनं भाषेची मदत केली’ म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी केक खाल्ला. नोकरी मी पुढे दीड वर्षानं सोडली, तीही चांगला पगार मिळाला म्हणून. तत्त्वासाठी सोडली असं मी दोन ठिकाणी सांगितलंय, ते खरं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये जयंतीला ती दोघं बॉनला आली. भाऊजी बाहेर खुर्च्या मांडत होते. आत हॉलच्या स्वयंपाकघरात शंभर माणसांच्या कोशिंबिरीची काकडी आमच्या दोघींच्या वाट्याला आली. ताई बारीक झाली होती. ब्लाउज तयार विकत घेतलेला होता, खांद्यावर चुकीचा बसणारा. बराच वेळ आम्ही भाव, थंडी, कुणाचं बाळंतपण असलं बोलत राहिलो.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “एक विचारू का गं? खातं बंद होणार हे तुला आधी कळलं होतं?”

“नाही, ताई,” मी म्हणाले.

“तेच तर.” तिनं सुटकेचा श्वास सोडला. “हे म्हणत होते, तिला माहीत असणार, तिच्याच ऑफिसचं काम आहे. मी म्हटलं, तिचं नाव काढायचं नाही. तिला कळलं असतं तर तिनं त्याच मिनिटाला मला फोन केला असता.” काकडीचं शेवटचं साल काढून तिनं ती माझ्याकडे सरकवली. “लग्नाला एकोणीस वर्षं झाली. यांना उलटून बोलले ते तेवढं एकदाच.”

मी काकडी चोचवत राहिले.