भाऊजींनी सरकवलेली रेघ

‘भाऊजी, तुम्हाला मुदतीआधी सोडायचं का, असं तुरुंगवाले मला विचारताहेत. आता काय सांगू, बोला!’

मनातल्या मनात असं पत्र लिहीत वहिनी तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत बसली होती. दिराला हेरगिरीबद्दल वीस वर्षांची शिक्षा. बारा भोगून झाली होती. त्या हेरगिरीत तिचाच नवरा गेला, म्हणून तिच्या शब्दाला वजन.

भाऊजी बंदराच्या कचेरीत नकाशे काढायचे. सुट्टीच्या दिवशीही वाळूकागदावर पेन्सिलीचं टोक घासत बसायचे. ती खरखर वहिनीला अजून त्यांच्या रिकाम्या खोलीतून ऐकू यायची. युद्धाच्या दिवसांत परक्यांनी पैसे चारले आणि भाऊजींनी जहाजांच्या वाटेचा नकाशा विकला. वर शहाणपण असं, की वाट मुद्दाम बोटभर खडकाकडे सरकवली. पैसेही मिळतील आणि देशाचंही बिघडणार नाही! परक्यांनी त्या खोट्या वाटेवर सुरुंग पेरले. तिथून कुणीच जात नसे. फक्त त्यांचा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, घरी लवकर पोचायचं म्हणून आपली लाँच त्या खडकाजवळून काढायचा.

भाऊजी आले. केस पार पिकलेले, डोळे बारीक करून बघत.

“वहिनी, वाळलात हो.”

“तुम्ही काय बाळसं धरलंत? एकच विचारते. हे तिकडून येतात, ठाऊक होतं ना?”

“घरात कुणाला ठाऊक नव्हतं? दादाला बायकोवेडा म्हणून चिडवायचो, तो मीच.”

“मग?”

“रेघ सरकवताना मला पाणी दिसत होतं, वहिनी. दादा दिसला नाही.”

वहिनीनं पर्स जवळ ओढली. ते खोटं बोलले असते तर फार सोपं गेलं असतं.

ती उठली तसे ते हळूच म्हणाले, “दादाचा चष्मा आहे का हो? आमचा नंबर एकच. येताना आणाल?”

“आणते. स्क्रू ढिला झालाय, बसवून आणते.”

बाहेर अधिकारी वाट बघत होता. “सोडा त्यांना,” ती म्हणाली. “देशाचं काय ते न्यायाधीशांनी बघितलंय. त्यांना कोंडून माझं माणूस परत येत नाही. पण माझ्या घरी नकोत.”

भाऊजी सुटले. दोन रस्ते पलीकडे भाड्याच्या खोलीत राहू लागले. भिंतीला हात लावत दुकानापर्यंत जातात, असं शेजारीण सांगते. त्या रिकाम्या खोलीतली खरखर काही थांबली नाही. वहिनी भाजीला निघते, तेव्हा चष्मा पर्समध्ये असतो. चष्मेवाल्याचं दुकान वाटेतच आहे.

स्क्रू अजून ढिलाच आहे.