पंचफुलानं अंगावर घेतलेला माझा बोल

पंचफुला गेली तेव्हा मी अमरावतीच्या फुलबाजारात झेंडूची पोती उतरवत होतो. शेजाऱ्याचा फोन आला, "काका, घरी या. काकू उठूनच नाही राहिल्या." मी त्याच्यावरच खेकसलो. पहाटे तिनंच तर पोत्यांची तोंडं शिवून दिली होती... चांदूर रेल्वेच्या पुढे आमचं गाव. पोचलो तोवर बायांनी तिला ओसरीत निजवलं होतं. त्याला दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण बायकोच्या नावावर एक खोटी गोष्ट लागून गेली आहे, आणि ती मी लावू दिली.

सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नात ईश्वरी आमच्याकडे आली होती. सहा वर्षांची होती. पोरगा आणि सून अकोल्यात जठारपेठेत राहतात. सुट्टीतच पोरीला कांजण्या आल्या. आमच्यात त्याला माता आली म्हणतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, आणि मातामायला दहीभाताचा नैवेद्य दाखवून पाठवणी होईपर्यंत लेकरू उंबरठ्याबाहेर काढायचं नाही. नैवेद्य मी मंगळवारचा धरला. खपल्या धरल्या होत्या, पोरगी अंगणात... नाही, ओसरीतच, खेळायला लागली होती. रविवारी सकाळी तिच्या हातून पाण्याचा गिलास पडला. मग ओकली. डावा पाय ओढू लागली आणि दुपारी अशी झोपली की जेवायला उठेना. पंचफुला म्हणाली, "हे मातेचं नाही दिसत मले. डॉक्टरकडे चाला." मी म्हणालो, अशक्तपणा आहे. सोमवारी पोरीची लघवी तुंबली. पंचफुलानं तिला कडेवर घेतलं आणि निघाली. मी दार अडवलं. "माता कोपली तर तू निस्तरशील काय वं?" असं ओरडलो. अकोल्याहून सुनेचा फोन आला, तिला सांगितलं, झोपली आहे. झोपलीच होती, खोटं काय त्यात!

मंगळवारी नैवेद्य दाखवून घरी आलो, तर पोरगी आजीकडे पाहत होती आणि आजीला ओळखत नव्हती.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं मशीनवर डोक्याचे फोटो काढले, पाठीतून पाणी काढलं. मग मला समोर बसवून म्हणाली, "आजोबा, कांजण्या गेल्या. पण त्यांच्याशी लढायला अंगानं जी फौज उभी केली, ती आता पोरीच्याच मेंदूवर आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर उलटली आहे. तिथं सूज आली आहे." फार थोड्या लेकरांना होतं म्हणे असं. शिरेतून सूज उतरवायचं औषध लावलं. चार-पाच दिवसांनी पोरगी आजीला 'आजी' म्हणाली. वाचली. डावा पाय मात्र अजून जरासा ओढते. दोन दिवस आधी आणलं असतं तर? असं मी बाईला एकटं गाठून विचारलं. ती म्हणाली, "फरक पडलाच असता, असं नक्की नाही सांगता येत. पण आणायला पाहिजे होतं." त्यातलं पहिलं वाक्य तेवढं मी इतकी वर्षं धरून बसलो.

सून अकोल्याहून दवाखान्यात आली ती सरळ विचारत आली, "कोणी थांबवलं?" मी भिंतीकडे पाहत होतो. पंचफुला म्हणाली, "मीच म्हटलं, नैवेद्य होऊ दे." बस. त्या दिवसापासून सुनेनं पोरीला आजीजवळ एकटं सोडलं नाही. आम्ही अकोल्याला गेलो की पंचफुला पाहुण्यासारखी खुर्चीवर बसायची, पोर आतल्या खोलीत. एकदा परतताना गाडीत मी विचारलं, "कावून घेतलं वं अंगावर?" ती हसली. म्हणाली, "मले बोलणी पचतात. तुमाले पचत नाही, लगेच पोट दुखते." मीही हसलो. खरं सांगायची वेळ तीच होती, आणि मी हसलो.

तेरवीच्या दिवशी बाया बसल्या होत्या. सून डोळे पुसत म्हणाली, "आईच्या हातून माझ्या लेकराचं नुकसान झालं. पण मी त्याईले माफ केलं." ते मला ऐकवलं नाही. तिला मेल्यावर माफी मिळत होती, तीही माझ्या गुन्ह्याची. सगळ्यांदेखत म्हणालो, "दार मी अडवलं होतं. तुझी सासू पोरीले घेऊन निघाली होती."  सून म्हणाली, "आई जित्ती होती तवा कावून नाही बोलले, बाबा?"

 

संध्याकाळी सून पंचफुलाच्या खोलीत गेली. तिथं एक लोड आहे, त्याच्या एका टोकाला लुगड्याचा पदर फाडून गाठ मारलेली. "हे काय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. दवाखान्यात एका बाईनं ईश्वरीच्या पायाचा व्यायाम शिकवला होता. घोटा धरायचा, वाकवायचा, दहा मोजायचे. पंचफुलानं तो पाठ केला. पोरीला हात लावायला मिळालं नाही, म्हणून रोज सकाळी लोडावर करायची. गाठ म्हणजे घोटा. न जाणो, सून कधी म्हणाली 'आई, जरा पाय चोळून द्या', तर विसरायला नको... सून खाली बसली, गाठ हातात धरून. माझ्याशी बोलली नाही. अजून बोलत नाही, फोन पोरगाच करतो.

लोड तिथंच आहे. खोलीत मी एकटा झोपतो. त्याच्यावर डोकं टेकवत नाही.