रोख शिल्लक उणे

रविवारचं जेवण झालंय. भात जरा जास्तच झाल्यामुळे डोळे आपोआप मिटायला लागलेत. मी दिवाणावर आडवी आहे, छातीवर मोबाईल आहे आणि मोबाईलवर लाल अक्षरांत लिहिलंय: रोख शिल्लक उणे अकरा हजार चारशे.

थोड्या वेळाने पराग येणार. पराग माझा मुलगा, पुण्याला असतो. येताना दोन रिकाम्या बॅगा आणणार आहे. त्या कशाला, हे तो फोनवर बोलला नाही, पण सूनबाईंना पोटात काही ठेवता येत नाही. ‘आई, तुमचं सामान भरायला,’ असं तिने सांगून टाकलं. हे गेल्यापासून मी कराडच्या या फ्लॅटमध्ये एकटी राहते. मनाला येईल तेव्हा उठते, कंटाळा आला तर रात्री नुसते दहीपोहे खाते, आणि मला ते आवडतं. हे उघड बोलायची सोय नाही, पण आवडतं.

घोळ झाला तो हिशेबाच्या ॲपचा. ते यांनी सुरू केलेलं, आता मी चालवते, आणि पराग पुण्यातून बघतो. मला टाइप करायला जमत नाही म्हणून मी माइकचं चित्र दाबून बोलते, ‘भाजी ऐंशी रुपये,’ आणि फोन लिहून घेतो. गेल्या आठवड्यात परागचा फोन आला. “आई, हातात नसलेले पैसे तू खर्च कशी करतेस? कुणी फसवतंय का तुला? की तुझं तुलाच आठवत नाही आता?”

तो शेवटचा प्रश्न मला फार लागला. ठरलंय ते असं, की आज हिशेब जुळला तर मी इथे राहायचं, नाही जुळला तर बॅगा भरायच्या.

उपाय सगळे करून झालेत. ॲप बंद करून उघडलं. काढून टाकून परत घेतलं. गॅसचं सिलिंडर दोनदा पडलं होतं, ते एकदाच ठेवलं. किराण्यावर एखादं शून्य जास्त पडलंय का तेही पाहिलं. उणे ते उणेच. शेवटी परत एकदा माइकचं चित्र दाबते, पण काय बोलायचं तेच सुचत नाही. वर पंखा घरघरतोय. घरघर लांब जाते, जवळ येते, आणि मग ती पंख्याची राहत नाही, स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीची होते.

कराडचा स्टँड आहे. फलाटावर आमचा दिवाण आहे आणि दिवाणावर मी. येणाऱ्याजाणाऱ्या कुणाला त्याचं काही वाटत नाही. चौकशीच्या खिडकीत हे बसलेत. सगळी नोकरी यांनी एसटीत कंट्रोलर म्हणून केली, त्यामुळे ते तिथे दिसतात याचं मला आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटतं ते इस्त्रीच्या शर्टाचं. तो तर मी बोहारणीला दिला.

“अहो, तुम्ही?”

“रांगेत ये,” हे म्हणतात.

मागे-पुढे कुणीही नाही. तरी मी दिवाणावरून उतरून रांगेत उभी राहते.

“हं. काय तक्रार?”

“रोख शिल्लक उणे दाखवतंय.”

“बंद करून चालू केलंस?”

“केलं की.”

“मीपण केलं,” हे म्हणतात. “हेल्पलाइनवरची ती पोरगी कायम हेच सांगायची, काका, बंद करून परत चालू करा. बंद झालो व्यवस्थित. पुढचं काही जमेना.”

मला इतकं हसू येतं की डोळ्यांत पाणी येतं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहत नाही. आठ महिन्यांत हा आवाज कानावर पडलेला नाही.

“रडू नको, मागची माणसं खोळंबलीत,” हे म्हणतात, आणि मागे खरंच रांग लागलीय. माझ्यामागे सोसायटीचा वॉचमन, त्याच्यामागे माझी मेलेली मावससासू. “आता नीट ऐक. हातात नसलेला पैसा खर्च होत नाही. म्हणजे तो हातात होता. गाडी फलाटावर लागलीय, म्हणजे ती कुठून तरी सुटलीय. कुठल्या डेपोतून?”

“मला काय माहीत? सॉफ्टवेअरची चूक असेल.”

“सॉफ्टवेअरची चूक,” हे म्हणतात, आणि मिशीतल्या मिशीत हसतात. ते हसणं मला आवडत नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना, तसं होतं.

खिडकीतून ते हात बाहेर काढतात. तो हात सरळ आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर जातो, कारण आता आम्ही स्वयंपाकघरातच आहोत. ओट्यावर बसून मावससासू तिकिटाची वाट बघतेय. हे तूरडाळीचा डबा खाली काढतात, झाकण उघडतात, डाळीत कोपरापर्यंत हात घालतात आणि प्लास्टिकची पिशवी वर काढतात.

“ही बघ सॉफ्टवेअरची चूक.”

आता तुम्हाला सांगायलाच हवं. दर महिनाअखेरीला यांच्या हिशेबात दोनशे-तीनशे रुपये कमी पडायचे. हे चष्मा लावून, चष्मा काढून, परत लावून शोधायचे. मग हेल्पलाइनला फोन लावून तिथल्या पोरीला झाडायचे. शेवटी यांनी ॲपमध्ये खर्चाचा एक नवा प्रकारच उघडला, ‘सॉफ्टवेअरची चूक’, आणि दर महिन्याला कमी पडेल ते त्यात टाकायला लागले. मी पोळ्या लाटता लाटता गालातल्या गालात हसायची. यांच्या शर्टाच्या खिशातले पन्नास, भाजीतले वीस, कधी दुधातले दहा, सगळं डाळीखाली. माझ्या आईने लग्नात कानात सांगितलं होतं, बाईच्या हाताशी चार पैसे असावेत आणि त्यांचा पत्ता कुणाला नसावा. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे गेले, पेन्शनचे कागद अडकले, तेव्हा मी त्या डब्यातूनच घर चालवलं. खर्च मात्र फोनला इमानदारीने सांगत गेले. पैसे आले कुठून ते तेवढं सांगितलं नाही. परागला ते सांगायचं म्हणजे त्याच्या बाबांना मी इतकी वर्षं वेड्यात काढलं, हे सांगायचं. त्यापेक्षा बॅगा भरलेल्या बऱ्या, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारते.

“अगं, डेपोतली गाडी कंट्रोलरला न कळता बाहेर पडते होय?”

“मग त्या पोरीला का झाडायचात?”

“तुला संशय येऊ नये म्हणून. तिला पहिल्याच वेळी खरं सांगितलं होतं. म्हणाली, काका, आमच्याकडे साबुदाण्यात असतात. तुम्ही खुशाल ओरडा, मी ऐकते.”

“आणि ते खिशातले सुटे?”

“मी पाकीट वापरणारा माणूस. शर्टाच्या खिशात पन्नासची नोट ठेवून शर्ट धुवायला टाकीन होय मी?”

मला लाज वाटायला हवी. वाटते ती चीड. एवढी वर्षं मी जिवावर उदार होऊन चोरी करत होते, आणि चोरी होतच नव्हती. चीड जरा ओसरते तेव्हा कळतं, की हा माणूस दर महिन्याला आठवणीने माझ्यासाठी खिशात चोरी ठेवत होता. मग माझं मला आवरत नाही.

“डोळे पूस. हे दुरुस्त करायचं सोपं आहे,” हे म्हणतात. स्वयंपाकघर आता हलायला लागलंय, खिडकीबाहेरून उसाची शेतं मागे पळतायत, आणि भिंतीला वर धरायला दांडा आलाय. “नवं खातं उघडायचं. मी गेलो त्या दिवशी डब्यात किती होते?”

“मोजले नाहीत कधी.”

हे नुसते बघतात.

“एकतीस हजार दोनशे,” मी म्हणते.

“अबब! मी वीस धरून चाललो होतो!” मग लगेच कर्णा तोंडाशी धरतात आणि आख्ख्या गाडीला ऐकवतात, “सुरुवातीची शिल्लक एकतीस हजार दोनशे! त्यातले अकरा हजार चारशे रोखीत बदली!”

“हळू बोला हो, मावशी ऐकतायत.”

“ऐकू दे. तिचे बेसनात होते. आणि बदली लिहायची, खर्च नाही. बदलीत पैसा जात नाही, नुसती जागा बदलतो. माझी पाटणला झाली होती, आठवतं?”

“आणि आता झालीय ती?” मी विचारते. “ती कशात टाकू? खर्चात की बदलीत?”

हे जरा विचार करतात. कुठलीही नोंद करताना करायचे तसाच.

“सध्या बदलीत टाक,” हे म्हणतात.

मी मान डोलावते.

“खात्याला नाव काय देऊ?” कर्णा परत तोंडाशी जातो. “सौ.चा डबा!”

“अहो, मी आता सौ. नाही. पेन्शनच्या कागदावर मला श्रीमती करून टाकलंय.”

“कुणी? मला विचारलं होतं का?” हे चांगलेच तापतात, डेपोत तापायचे तसे. “परस्पर बदलतात म्हणजे काय! सौ.चा डबा. लिही.”

दोरी ओढली जाते. टिंग टिंग. डबल बेल, म्हणजे गाडी सुटणार. हे दारात उभे आहेत, खाली की वर ते कळत नाही. मी म्हणते, अहो, थांबा, शर्टाचं बटण तुटलंय तुमचं. टिंग टिंग. टिंग टिंग.

ती आमच्या दारावरची बेल आहे.

मी उठते. तोंडाला कोरड पडलीय, गाल ओले आहेत. छातीवरचा मोबाईल घसरून कुशीत आलाय. माइकचं चित्र चालूच राहिलंय. झोपेत बडबडले असेन, दुसरं काय. चष्मा शोधून लावते आणि बघते. लाल अक्षरं नाहीत. रोख शिल्लक शून्य. तिच्याखाली एक नवं खातं: सौ.चा डबा, एकोणीस हजार आठशे.

बडबडले असेन, हे कबूल. पण आठ महिन्यांत मी स्वतःला कधी सौ. म्हटलेलं नाही. आणि त्याआधीही मला तसं म्हणणारा माणूस एकच होता.

मी दार उघडते. पराग आत येतो, दोन रिकाम्या बॅगा भिंतीला लावून ठेवतो आणि बूट काढायच्या आधीच मोबाईल मागतो. उभ्याउभ्या वाचतो.

“जुळलं?” त्याच्या चेहऱ्यावर जरा निराशाच दिसते. “आणि हा डबा कुठला?”

“तूरडाळीचा. वरच्या फळीवर आहे, बघ जा.”

तो जातो. स्टूल ओढल्याचा आवाज येतो, मग झाकणाचा, मग बराच वेळ कसलाच नाही. परत येतो तेव्हा त्याच्या बाहीला कोपरापर्यंत डाळीची पूड लागलीय.

“आई! बाबा ज्यासाठी हेल्पलाइनवर भांडायचे ते हे? त्यांना माहीत होतं?”

“डेपोतली गाडी कंट्रोलरला न कळता बाहेर पडते होय?”

पराग माझ्याकडे बघत राहतो आणि मग हसायला लागतो, अगदी यांच्यासारखा, आवाज न करता, खांदे हलवत. हसून झाल्यावर एक बॅग दुसऱ्या बॅगेत घालतो आणि दाराशी नेऊन ठेवतो. मी चहाचं आधण ठेवायला वळते.

“आई,” तो मागून म्हणतो, मोबाईल अजून त्याच्या हातात आहे, “हे ‘सौ.’ तेवढं बदलून देऊ का? म्हणजे, आता...”

“हात लावू नकोस,” मी म्हणते. “जुळलंय ते.”