शालीत गुंडाळलेली बिअर

आम्ही आखातात होतो तेव्हा अझैब्याच्या फ्लॅटमध्ये मी एकदा बिअरला शाल पांघरली. माझीच, बदामी रंगाची, लोकरीची. तेव्हा मी पन्नाशीची घोडी होते, कुक्कुलं बाळ नव्हते. नातवंडं हे ऐकून खिदळतात. खिदळू देत.

यांची नोकरी तेलाच्या साइटवर, तीन आठवडे वाळवंटात आणि एक आठवडा घरी. मुलगा पुण्यात शिकायला. डिसेंबरात तो आला की बापलेकांनी मिळून प्यायची म्हणून यांनी स्टोअररूममधल्या जुन्या फ्रिजमध्ये, प्लॅस्टिकच्या पिंपात लागर बिअर आंबवायला घातली होती. जाताना बजावलं, "दहा डिग्री. वर जाऊ द्यायचं नाही. हे यीस्ट थंडीतच नीट काम करतं, सावकाश."

पिंपाच्या झाकणावर पाणी भरलेली वाकडी नळी होती. आतली हवा सुटली की ती 'गुडुप' करायची. दिवसभर घरात बोलणारं तेवढंच. मी चहा घेऊन स्टुलावर बसायचे आणि गुडुप झालं की "हो का?" म्हणायचे. हळूहळू गुडुप लांबायला लागलं. एका सकाळी चहा निवला तरी आवाज नाही.

मला वाटलं, यीस्ट मेलं. विचारणार कोणाला? शेजारणींपुढे हा विषय काढायची सोय नव्हती. साइटवर फोन लावायचा तर घरात काहीतरी विपरीत घडलेलं असावं लागे. मग मी अक्कल पाजळली. थंडीत इडलीचं पीठ फुगलं नाही तर आपण काय करतो? फ्रिज बंद केला, दार उघडं टाकलं, पिंपाला शाल गुंडाळली. ऑक्टोबरातही बाहेर रणरणत होतं आणि स्टोअररूमला एसी नव्हता. दुपारपर्यंत गुडुप गुडुप गुडुप! चार दिवस नुसत्या गप्पा. यांच्या तक्रारीसुद्धा मी त्याला सांगून टाकल्या. हे यायच्या आदल्या दिवशी फ्रिज चालू, शाल कपाटात. काय ती हुशारी!

यांनी घोटभर काढून चाखली. तोंड वाकडं झालं.

"शिकरणात नेलपॉलिश सांडलं का गं?"

आता नवी घालून डिसेंबर गाठणं कठीण होतं. सगळी मोरीत ओतताना मी कबुली दिली. शालही सांगितली, आणि आवाज बंद पडल्यावर घर कसं खायला उठलं तेही. यांनी रिकामं पिंप मोरीत उपडं घातलं. मग म्हणाले, "अगं, मग फोन करायचास की. मी तरी तिकडे काय करतो? ड्युटी संपली की एसीची घरघर ऐकत बसलेला असतो."