दुसऱ्या खिळ्यावरचा बिल्ला

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी भुताचा व्हिडिओ टाकला की सगळ्यात आधी हसणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा चमत्कारिक वाटतंय... पण हे मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी घडलंय.

माझे सासरे, म्हणजे बाबा, तरुणपणी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत होते. पुढे युनियनचे पुढारी झाले, मग आमदार. आता गुडघे गेलेत, म्हणून आमच्याकडे असतात. खाणीत प्रत्येकाचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला असे. खाली उतरताना तो खिळ्यावरून काढून खिशात टाकायचा, वर आलं की परत लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून खाली. बाबांची ही सवय आमदारकीतही सुटली नाही. आमच्या दाराशीही त्यांनी दोन खिळे ठोकून घेतले. एक त्यांच्या बिल्ल्याचा, नंबर २१४; घराबाहेर पडताना तो खिशात, परतले की खिळ्यावर. दुसरा कायम रिकामा. नवीन लग्न झालेलं असताना मी त्यावर स्कूटीची किल्ली अडकवली, तेव्हा ते माझ्यावर चिडले, ते तेवढं एकदाच.

तो खिळा सोपानचा, नंबर २१५. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले. खाणीत छत कोसळलं आणि सोपान वर आलाच नाही. साहेब लोक म्हणाले, तो उतरलाच नव्हता, बिल्ला घेऊन पळाला. बाबांनी तर त्याला उतरताना पाहिलं होतं! त्या भांडणातूनच त्यांची युनियन उभी राहिली. पुढे निवडणुकाही जिंकल्या, पण सोपानची बायको गावात पळपुट्याची बायकोच राहिली. ते बाबांना आयुष्यभर खात राहिलं.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी त्यांना दवाखान्यातून घेऊन आले. कुलूप मीच उघडलं. दुसऱ्या खिळ्यावर बिल्ला होता — २१५. ओला. खाली भिंतीवर काळा ओघळ.

बाबा हळूच म्हणाले, "आला का बे... लय उशीर केला." मग खिशातला आपला बिल्ला त्यांनी शेजारी लावला आणि ढसाढसा रडले.

मी काय काय तपासलं नाही? लिफ्टजवळचा सीसीटीव्ही, वॉचमन, शेजारच्या काकू, सगळ्या किल्ल्या. नवरा म्हणतो, बाबांनीच कुठून तरी करून घेतला असेल. मला पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही.

त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तो बिल्ला सोपानच्या बायकोला दाखवला. म्हातारीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू.

"पळाले नव्हते नं," एवढंच म्हणाली, आणि पदराने कुंकू पुसलं.