मुळेच्या पाण्यावरची काहील

काहिलीत पाणी शिरत होतं आणि मधू वर बघत होता.

"मध्या, मान खाली घाल. उपस," त्याचे मामा म्हणाले.

त्यानं हातातला डबा सोडून दिला.

मधुकर आज पहाटे गेला. जवळच्यांना फोन गेले असतील. ज्यांना तो काळ्या चष्म्यातला निवृत्त भूगोल शिक्षक म्हणूनच माहीत होता, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

बाहत्तरचा दुष्काळ संपल्यावरची पहिली दिवाळी. मुळा धरण भरलं होतं. बुडालेल्या टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले होते. लोक त्यांना बेटं म्हणू लागले होते.

आम्ही नगरला एकाच शाळेत. मी मराठी, तो भूगोल. दोघांत एक दुर्बीण, तीही त्याची.

त्या उन्हाळ्यात पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. डोळ्याचा पडदा सुकत चाललाय. उपाय नाही.

नजर कडेनं मिटत आत येत होती. बांगडीतून बघतोय असं वाटतं, म्हणाला, आणि बांगडी लहान होत चाललीय.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकेल असं डॉक्टर म्हणाले नव्हते.

त्याला पट्टकदंब बघायचे होते. हिमालय ओलांडून येणारे हंस. पांढरं डोकं, त्यावर मागे दोन काळे पट्टे. आमच्या ओळखीत कुणी पाहिले नव्हते.

मामांचा निरोप आला. लांबच्या बेटावर मोठाली पाखरं उतरतात, बदकं नव्हेत.

डोळ्यांचं त्यानं घरी सांगितलं नव्हतं. शाळेत नाही, मामांनाही नाही. फक्त मला.

"हे एक बघू दे," म्हणाला. "मग काय व्हायचं ते होऊ दे."

मामांचा मळा पाण्याला लागून. होडी नव्हती. उसाचा रस उकळायची लोखंडी काहील होती. नदीला पूर आला की मामा तिच्यातूनच माणसं पलीकडं न्यायचे. वल्ह्याच्या जागी लांब दांड्याचं फावडं.

"उद्याच्याला गुळाचं चुलाण पेटनार हाय, मंग काहील न्हाई गावायची," मामा म्हणाले. "आजचा दिस तुमचा."

काहिलीला पुढची बाजू नसते. ती गोल फिरत जाते. मामांनी आम्हाला समोरासमोर बसवलं आणि हलायचं नाही म्हणून दम भरला. मधू फिरता फिरता हसायला लागला.

"काय झालं रं?"

"इतकी वर्षं पोरांना शिकवतोय पृथ्वी फिरते. आज पटलं."

"फिरू दे की. उकळी तर न्हाई ना आली आजून?"

बेटावर खडक आणि एक वाळलेली बाभूळ.

हंस होते. पलीकडच्या चिखलात. मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होते.

मधूला दिसत नव्हते.

"बाभळीच्या डावीकडं," मी म्हणालो.

"बाभूळ कुठाय?"

मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून वळवलं. दुर्बिणीत पाणी यायचं, आभाळ यायचं. हंस यायचे नाहीत. आम्ही पुढे सरकलो तसे ते उडाले आणि दूर पाण्यावर बसले.

परत येतील, मधू म्हणाला. आम्ही थांबलो.

उन्हं कलली आणि वारा उठला.

मामा उभे राहिले. नदीला ओढ असते, लाटा नसतात. धरणाचं पाणी त्यांनाही नवीन होतं.

"ह्या पान्याला लाटा येत्यात व्हय," ते स्वतःशीच म्हणाले. मग आम्हाला, "चला. आत्ताच्या आत्ता."

तुम्ही जा, मी राहतो, मधू म्हणाला. सकाळी न्यायला या.

तेव्हा मी मामांना सांगितलं. त्याला अंधारात काही दिसत नाही. उजेडातलंही फार दिवस दिसणार नाही.

मामांनी भाच्याचा हात धरला आणि काहिलीत बसवलं.

अर्ध्या वाटेत लाटा काहिलीच्या काठावरून आत यायला लागल्या. लोखंडच ते. भरलं की तळाला. मामा फावडं मारत होते, आम्ही दोघं डब्यांनी उपसत होतो. मधूला पोहता येत नव्हतं.

आणि डोक्यावर आवाज आला. हंस बेटाकडे परत निघाले होते. आमच्या बरोबर वरून.

मधूनं डबा सोडला तो तेव्हा.

"आरं, मरायचं आसंल तर आदी आमाला काठाला लागू दे," मामा ओरडले.

त्यानं मान खाली घातली नाही. तो मान इकडून तिकडे फिरवत आभाळ शोधत होता. त्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर काहील कलत होती. पाणी माझ्या घोट्यावर आलं होतं. मी उपसत राहिलो.

काठाजवळ मामांनी खाली उडी मारली आणि काहील ओढून घेतली.

मी विचारलं, दिसले का.

"पट्टे नाही दिसले. काहीतरी पांढरं गेलं."

थोड्या वेळानं म्हणाला, "तू बघितलेस ना? मग सांग."

मी सांगितलं. भाषा शिकवणारा माणूस मी. मला चार वाक्यांपलीकडे जाता आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याची नजर गेली. त्यानंतरही बरीच वर्षं त्यानं भूगोल शिकवला. नकाशाकडे पाठ करून.

दर दिवाळीनंतर तो मला एकच विचारायचा. आधी पारावर, नंतर फोनवर.

"वारा आहे का रे?"

मी आहे किंवा नाही म्हणायचो. बाकी बोलणं नसायचं.

मधू, आज नाही. खिडकीतून दिसतंय, पानसुद्धा हलत नाही. जा तू.

एक सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. पाणी सपाट होतं. बेटावर पांढरे ठिपके होते. मी मधूला सांगितलं. त्यानं मामांकडे तोंड वळवलं.

मामांनी काहिलीकडे बघितलं. गडी पहाटेच आले होते. काहील चुलाणावर चढली होती, रस तापत होता.

आम्ही एकेक पेला रस प्यायलो आणि एस.टी.नं नगरला परत आलो.