सबफ्रेमवरचा काळा रंग

मित्रहो, आज सकाळचा प्रसंग जसाच्या तसा लिहितो.

सत्तरच्या दशकात घेतलेल्या माझ्या मोटारीची सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि पुढची चाके पेलणारी लोखंडी चौकट, गंजली आहे. शेजारचा मल्लप्पा आणि मी ती अंगणातच तारेच्या ब्रशाने घासत आहोत. उद्या दसरा. मोटारीची पूजा करून मुलीला व नातीला तिच्यातूनच जेऊरला पोहोचवण्याचे ठरले होते.

आज वाकून पाहतो, तो संपूर्ण चौकट काळी कुळकुळीत! काल गंजाने तांबडी असलेली वस्तू एका रात्रीत निरोगी कशी झाली? मी चुंबक आणून लावले. ते सर्वत्र चिकटले. डाव्या कोपऱ्यात मात्र गळून पडले.

"मल्लप्पा, येथे काय भरले आहेस?"

"काय न्हाय ओ अण्णा. भोक हुतं, जरा पुट्टी लावली. सणाला गंजकी गाडी पुजायची व्हय? वैनीच म्हणल्या की!"

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती कडाडल्या, "रंग लावा म्हटलं होतं मी, भोक बुजवा नव्हे!"

मी हातोडीने हलकेच ठोकले. पुट्टी पडली आणि तिच्याभोवतीचे लोखंडही पापुद्र्यासारखे गळाले. मल्लप्पाचा चेहरा उतरला. नात त्या वेळी मागच्या आसनावर बसून खेळत होती.

उद्या त्या दोघी एसटीने जातील. मोटारीची पूजा त्या भोकासकट होईल. मल्लप्पा पुन्हा घासायला बसला आहे. चुंबक मात्र मी खिशातच ठेवले आहे.

आपणही उद्या आपल्या वाहनाला हार घालाल. त्याआधी कोणी खाली वाकून पाहणार आहे काय?